चेंडू जर्सीत लपवला तर चालतं का?

१. नुसता उभा राहिलेला खेळाडू

१५ सप्टेंबर २०१८. अर्कान्सा विद्यापीठाच्या फेयेटव्हिलमधल्या मैदानावर नॉर्थ टेक्सास विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ पाहुणा म्हणून आला होता. या सामन्यात नॉर्थ टेक्सास जिंकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. पहिल्याच सत्रात अर्कान्साने चेंडू उंच आणि लांब लाथाडला. नॉर्थ टेक्सासच्या कीगन ब्रूअरने तो आपल्या दहा यार्डांच्या रेषेजवळ झेलला आणि तो नुसता उभा राहिला. पळाला नाही की वाकला नाही. त्याचे साथीदारही खेळ संपल्यासारखे सैलावले. धावत आलेले अर्कान्साचे खेळाडू त्याच्या आजूबाजूला घुटमळले आणि वळून आपापल्या बाजूला जायच्या बेतात आले. तेवढ्यात ब्रूअर सुटला. ९० यार्ड धावून त्याने टचडाऊन केला. नॉर्थ टेक्सासने सामना ४४–१७ असा जिंकला.

हे दृश्य पाहिलेला नवखा प्रेक्षक हमखास विचारतो : हे चालतं? ही सरळसरळ फसवणूक नाही का?

चालतं. पंचांनी गुण दिले.

आता दुसरा प्रसंग. ४ डिसेंबर २०२१, शार्लट शहर, पिट्सबर्ग विरुद्ध वेक फॉरेस्ट. पिट्सबर्गचा केनी पिकेट चेंडू घेऊन पळत होता. समोर बचावाचे खेळाडू आल्यावर त्याने वेग कमी केला आणि पाय पुढे टाकून जमिनीवर घसरायची सुरुवात केल्यासारखं केलं. ते पाहून बचाव करणारे थबकले. पिकेट घसरला नाही. तो तसाच पुढे पळाला आणि ५८ यार्डांची धाव टचडाऊनमध्ये संपली. तेव्हाच्या नियमात याला बंदी नव्हती, म्हणून गुण मिळाले आणि पिट्सबर्ग ४५–२१ ने जिंकलं. पण कॉलेजांतल्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संस्थेने आठवडाभराच्या आत पंचांना कळवलं की यापुढे घसरण्याचा आव आणला तरी चेंडू त्याच जागी मृत धरायचा.

दोघांनीही समोरच्याला गाफील केलं, दोघांनीही खेळ थांबल्याचा आभास निर्माण केला. मग एकाचा डाव चतुराई म्हणून टिकला आणि दुसऱ्याच्या डावाला आठवड्यात दार बंद झालं, असं का? सव्वाशे वर्षांत या खेळाने फसवणुकीसाठी जी रेष आखत आणली आहे, ती या प्रश्नाच्या मागे लागलं की दिसू लागते.

२. खेळाची जुजबी ओळख

पुढचं समजायला नियम थोडेच लागतात. मैदान शंभर यार्डांचं, प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, चेंडू लंबगोल. चेंडू ज्यांच्या ताब्यात असतो त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा चार. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात एकाच पद्धतीने होते. दोन्ही संघ समोरासमोर रांग धरतात, मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, चेंडू पायांमधून मागे देतो आणि मागे उभा असलेला क्वार्टरबॅक तो घेतो. या क्रियेला स्नॅप म्हणतात. स्नॅप होईपर्यंत खेळ सुरू झालेला नसतो.

चेंडू पुढच्या दिशेला हवेतून फेकायची मुभा एका प्रयत्नात एकदाच मिळते, आणि तीही रांगेच्या मागून. मागच्या किंवा आडव्या दिशेला मात्र कितीही वेळा देता येतो. शिवाय पुढे फेकलेला चेंडू सगळ्यांना झेलता येत नाही. रांगेत निदान पाच खेळाडू ५० ते ७९ या क्रमांकांचे असावे लागतात आणि त्यांना तो झेलायला मनाई असते. म्हणून बचाव करणाऱ्यांना प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवरचा आकडा पाहून काही गोष्टी आधीच गृहीत धरता येतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, त्याचे आज सहा गुण. त्यानंतर लाथ मारून एक किंवा पुन्हा एक चाल करून दोन जादा गुण मिळवता येतात.

पहिल्या तीन प्रयत्नांत दहा यार्ड जमले नाहीत, तर चौथ्याला संघ बहुधा चेंडू लांब लाथाडून देतो. हा पंट. पंट झेलणारा वर बघत असतो आणि चहूबाजूंनी वजनदार गडी त्याच्यावर धावून येत असतात. त्याच्या संरक्षणासाठी फेअर कॅचची सोय आहे. त्याने डोक्यावर हात नेऊन स्पष्ट हलवला की त्याला कुणी हात लावायचा नाही आणि त्यानेही झेल घेऊन पुढे पळायचं नाही. पाय पुढे टाकून घसरणं हीसुद्धा अशीच सोय आहे. पळणारा घसरू लागला की चेंडू तिथेच मृत होतो. त्यानंतर त्याच्यावर धडकणाऱ्या संघाला पंधरा यार्डांचा दंड बसू शकतो आणि धडक धोकादायक असेल तर खेळाडूला मैदानाबाहेरही जावं लागतं.

ब्रूअर आणि पिकेट यांच्यातला फरक कळायला एवढं पुरेसं आहे. ब्रूअरने हात वर केलाच नाही. खूण केली नाही याचा नियमानुसार एकच अर्थ होतो : खेळ चालू आहे. अर्कान्साच्या खेळाडूंनी नीट पाहिलं असतं तर त्यांना हे कळलं असतं. पिकेटने मात्र खूण सुरू केली. 'मला मारू नका, मी थांबतोय' असं अंगाने सांगितलं आणि समोरच्यांनी त्यावर विश्वास ठेवल्यावर तो शब्द मोडला.

कुणी म्हणेल की हा बारकावा केसाएवढा आहे. मला तसं वाटत नाही. पंट झेलणाऱ्याने अर्धवट, संदिग्ध हात हलवला तर काय होतं ते पाहा. नियम त्याला चुकीची खूण म्हणतो आणि झेल होताच चेंडू मृत धरतो. म्हणजे खूण करणाऱ्यावर पूर्ण जबाबदारी टाकली आहे, आणि खूण न करणाऱ्यासमोर सावध राहायची जबाबदारी प्रतिस्पर्ध्यावर.

३. गुगली आणि खोटी फेक

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्या वाचकाला ही रेष परकी वाटायला नको. गुगली टाकणारा गोलंदाज फलंदाजाला उघडउघड फसवतो. लेगब्रेकसारखी हाताची फिरकी दाखवून चेंडू उलटा वळवतो. त्याला कुणी अप्रामाणिक म्हणत नाही, कारण मनगट आणि चेंडूची शिवण फलंदाजाच्या डोळ्यांसमोर असते आणि ज्याला वाचता येतं तो वाचतो. पण क्षेत्ररक्षकाने हातात चेंडू नसताना फेकीचा आव आणून पळणाऱ्या फलंदाजाला थबकवलं, तर २०१७ पासून त्याला नियमबाह्य ठरवून पाच धावांचा दंड आहे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मार्नस लाबुशेनच्या अशा कृतीसाठी त्याच्या क्वीन्सलँड संघाला हा दंड भरावा लागला. २०२२ च्या विश्वचषकात अ‍ॅडलेडला बांगलादेशने विराट कोहलीवर हाच आरोप केला होता. पंचांनी दंड दिला नाही आणि भारत नेमका पाच धावांनी जिंकला, म्हणून तो वाद लवकर विझला नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये अशा हुली क्रिकेटपेक्षा कितीतरी जास्त आहेत. किंबहुना हूल हाच तिथल्या आक्रमणाचा पाया आहे. क्वार्टरबॅक एकाला चेंडू दिल्यासारखं करतो आणि स्वतःकडेच ठेवतो, हे प्रत्येक सामन्यात अनेकदा घडतं. स्नॅपच्या आधी तो आवाज चढवून, मध्येच ठेका बदलून ओरडतो आणि समोरचा उतावळेपणाने रेष ओलांडेल याची वाट पाहतो. हेही वैध. मात्र त्याच वेळी आक्रमणाच्या रांगेतल्या एखाद्याने स्नॅप झाल्यासारखा अंगाला झटका दिला, तर पाच यार्डांचा दंड. बचाव करणारे समोरच्या संघाच्या पुकाऱ्यांची नक्कल करून ओरडले, तर त्यांनाही दंड.

४. कार्लाइलची मुलं आणि हार्वर्ड

आता १९०३ कडे जाऊ. या विषयावरचं कोणतंही बोलणं शेवटी त्याच सामन्यापाशी येतं.

पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी जुन्या लष्करी बराकींत १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या अधिकाऱ्याने मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. देशभरातल्या जमातींमधून मुलं तिथे आणली जात. आल्यावर त्यांचे केस कापले जात, कपडे बदलले जात, नावं बदलली जात आणि मातृभाषा बोलायला बंदी असे. तिथेच मरण पावलेल्या दीडशेहून अधिक मुलांच्या कबरी त्या आवारात होत्या. अशा शाळेने एक फुटबॉल संघ उभा केला आणि तो देशातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठांशी भिडू लागला. प्रशिक्षक होते ग्लेन 'पॉप' वॉर्नर. मुलं वजनाने हलकी आणि संख्येने थोडी. त्या काळचा फुटबॉल म्हणजे अंगावर अंग टाकून रेटण्याचा खेळ होता. पुढे चेंडू फेकायची परवानगीच १९०६ साली मिळाली. रेटारेटीत हरणाऱ्याला डोकं आणि पायांतला वेग एवढंच उरतं.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी हार्वर्डविरुद्ध मध्यंतराला कार्लाइल ५–० ने पुढे होतं. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला हार्वर्डने चेंडू लाथाडला. जिमी जॉन्सनने तो झेलला आणि क्षणात कार्लाइलचे सगळे गडी त्याच्याभोवती गोळा झाले. त्या घोळक्यात जॉन्सनने चार्ली डिलन या धिप्पाड गड्याच्या पाठीवर, जर्सीच्या आत, चेंडू सारला. जर्सीच्या खालच्या कडेला आधीच इलॅस्टिक शिवून घेतलं होतं, म्हणजे चेंडू घसरायला नको. मग घोळका फुटला. बाकीचे खेळाडू पोटाशी काहीतरी धरल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना पळाले. हार्वर्डचे गडी एकेकाला पकडत सुटले. डिलन मोकळे हात हलवत सरळ समोर पळत गेला. रिकाम्या हातांच्या माणसाला कोण अडवणार? तो जवळजवळ अख्खं मैदान ओलांडून पलीकडे पोचला, तिथे एका साथीदाराने त्याच्या जर्सीतून चेंडू काढून जमिनीला टेकवला. कार्लाइलचे ११ गुण झाले. पुढे हार्वर्डने दोनदा मुसंडी मारली आणि सामना १२–११ असा जिंकला.

त्या दिवशी नियमपुस्तिकेत हे रोखणारं एक वाक्यही नव्हतं. वॉर्नर यांनी पंचांना आधी सूचना देऊन ठेवली होती असंही सांगतात. ती रीत आजही आहे. वेगळा डाव असेल तर प्रशिक्षक सामन्याआधी पंचांना कल्पना देतात, नाहीतर पंचच फसून मध्येच शिटी वाजवायचे.

डाव मुळात कार्लाइलचा नव्हताच. १८९५ मध्ये ऑबर्न संघाने व्हँडरबिल्टविरुद्ध तो वापरला होता आणि ऑबर्नचे प्रशिक्षक होते जॉन हाइझमन. कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार आज ज्यांच्या नावाने दिला जातो ते हेच. वॉर्नर यांनीही कॉर्नेलला असताना १८९७ मध्ये पेन स्टेटविरुद्ध तो करून पाहिला होता. गोऱ्या प्रशिक्षकांनी गोऱ्या मुलांकडून करवून घेतलेला डाव हुशारीचा मानला गेला. तोच कार्लाइलच्या मुलांनी केला तेव्हा कावेबाजपणा त्यांच्या रक्तातच आहे अशा सुरात वर्तमानपत्रांतून लिहिलं जाई. न्याय-अन्यायाची चर्चा करताना हा मोठा अन्याय नजरेआड करता कामा नये. डाव तोच, नियम तेच. करणारा कोण यावर त्याचं नाव बदलत होतं.

आणि तरीही तो डाव न्याय्य होता का, असं विचारलं तर माझं उत्तर नाही असं आहे. कायदेशीर होता, पण न्याय्य नव्हता. गुगलीत चेंडू समोर असतो. इथे चेंडू कपड्यांच्या आत होता. हार्वर्डकडून जगातला सर्वांत सावध खेळाडू समोर उभा असता, तरी त्याला वाचायला काही नव्हतंच. वॉर्नर यांनीही पुढे मान्य केलं होतं की तो डाव पूर्णपणे रीतसर आहे असं ते किंवा त्यांची मुलं मानत नव्हती. आजच्या एनसीएएच्या नियमांत अंगावरच्या कपड्यांत किंवा साहित्यात चेंडू लपवायला आणि चेंडूच्या जागी दुसरी वस्तू वापरायला स्पष्ट बंदी आहे.

१९०८ ची एक गोष्ट सांगितली जाते. वॉर्नर यांनी मुलांच्या जर्सींवर चेंडूच्या आकाराचे, चेंडूच्याच रंगाचे चामड्याचे तुकडे शिवले, म्हणजे चेंडू कुणाकडे आहे हे दुरून कळेना. हार्वर्डचे प्रशिक्षक पर्सी हॉटन यांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी सामन्याचा चेंडूच हार्वर्डच्या जर्सीसारखा किरमिजी रंगवून आणला. नियम दोन्ही गोष्टींना नाही म्हणत नव्हता. दोघेही मुकाट्याने साध्या जर्सीवर आणि साध्या चेंडूवर आले. नियम गप्प असतानाही दोघांना तोल सापडला, म्हणून मला ही गोष्ट आवडते.

५. जमिनीवर ठेवलेला चेंडू

कायदेशीर आणि न्याय्य या गोष्टी उलट बाजूनेही एकमेकींपासून सुटू शकतात. २ जानेवारी १९८४ रोजी मायामीतल्या ऑरेंज बोल सामन्यात नेब्रास्का १७–० ने मागे पडलं होतं. क्वार्टरबॅक टर्नर गिलने स्नॅप घेतला आणि चेंडू मुद्दाम सेंटरच्या मागे जमिनीवर ठेवला. मग तो आणि त्याच्या मागचे सगळे एका बाजूला धावले आणि मायामीचा बचाव त्यांच्यामागे. डीन स्टाइनकुलर हा रांगेतला अवजड गडी वाकला, चेंडू उचलला आणि उलट बाजूने १९ यार्ड पळत जाऊन टचडाऊन करून आला. असे गडी आयुष्यभर इतरांसाठी वाट मोकळी करत असतात. चेंडू घेऊन पळायची संधी त्यांना जवळजवळ कधीच मिळत नाही. शेवटी मायामी ३१–३० ने जिंकलं, पण तो डाव अजून दाखवला जातो.

त्याला फंबलरूस्की म्हणतात. हातून सुटलेला चेंडू कुणालाही उचलता येतो, या नियमाचा त्यात वापर होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एनसीएएने तो बंद केला. रांगेतल्या गड्याने असा मुद्दाम सोडलेला चेंडू उचलून पळणं आता चालत नाही.

माझ्या मते हा डाव न्याय्य होता. चेंडू मैदानावर उघडा पडलेला होता आणि एका बचावपटूने खाली पाहिलं असतं तर डाव तिथेच कोसळला असता. तो बंद करण्यामागची अडचण वेगळी आहे. चेंडू सुटला, ठेवला की हातात दिला, हे पायांच्या जंगलात पंचांना ओळखता येत नाही. ज्याचा निवाडा करता येत नाही तो डाव कितीही सुंदर असला तरी नियमांना पेलवत नाही. बंदी व्यवहाराची आहे. फसवणुकीचा ठपका तिच्यात नाही.

याच कुळातला एक डाव मात्र नियमांना पुरून उरला. १७ सप्टेंबर १९८८, क्लेमसनच्या मैदानावर फ्लोरिडा स्टेट. गुण २१–२१, शेवटची दीडेक मिनिटं, चौथा प्रयत्न, आणि फ्लोरिडा स्टेट स्वतःच्याच टोकाला अडकलेलं. पंट करण्याखेरीज गत्यंतर नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. सेंटरने चेंडू पंटरकडे न पाठवता मध्ये उभ्या असलेल्या गड्याला दिला. पंटरने चेंडू डोक्यावरून गेल्यासारखी उडी मारली. मधल्या गड्याने तो पुढे उभ्या लेरॉय बटलरच्या पायांमधून त्याच्या हातात दिला आणि सगळे उजवीकडे पळाले. बटलर जागीच थांबला, गर्दी पुढे गेल्यावर डावीकडून सुटला आणि ७८ यार्ड पळाला. पुढच्या लाथेवर तीन गुण मिळवून फ्लोरिडा स्टेट २४–२१ ने जिंकलं. चेंडू हातातून हातात गेला होता आणि घेणाऱ्याला तो घ्यायचा अधिकार होता. आपल्या टोकाला चौथ्या प्रयत्नात असा जुगार खेळायला बॉबी बाउडेनसारखा छातीचा प्रशिक्षक लागतो. डाव फसला असता तर सामना तिथेच गेला असता.

सगळं दाखवून फसवणं किती पुढे जाऊ शकतं, हे १ जानेवारी २००७ च्या फिएस्टा बोलमध्ये दिसलं. बॉइझी स्टेट हा छोट्या राज्यातला संघ ओक्लाहोमासमोर होता. सात गुणांनी मागे, अठरा सेकंद शिल्लक, चौथा प्रयत्न आणि अठरा यार्डांची गरज. एकाने चेंडू झेलला आणि पकडला जायच्या आत आडव्या धावणाऱ्या साथीदाराला आडवाच दिला, तो टचडाऊनला गेला. सामना जादा वेळेत गेला. तिथे पुन्हा चौथ्या प्रयत्नात क्वार्टरबॅकऐवजी दुसऱ्याच खेळाडूने चेंडू फेकून टचडाऊन मिळवला. शेवटी एक गुणाची लाथ सोडून बॉइझीने दोन गुणांची चाल निवडली. क्वार्टरबॅक जॅरेड झाब्रान्स्कीने उजव्या रिकाम्या हाताने फेकल्याचा अभिनय केला, चेंडू डाव्या हातात पाठीमागे धरला होता. इयन जॉन्सनने तो मागून उचलला आणि डावीकडून आत गेला. ४३–४२. या तिन्ही डावांत बचावाला न दिसणारं असं काही नव्हतं. मागून, वरून, बाजूने पाहणाऱ्या प्रत्येकाला चेंडू दिसत होता.

६. खेळाबाहेरच्या गोष्टींवरचा विश्वास

काही गोष्टी दोन्ही संघांनी खऱ्या धरायच्या असं ठरलेलं असतं. किती खेळाडू मैदानात आहेत, कोण बाहेर चाललाय, कुणाचा आकडा कोणता, खेळ सुरू आहे की थांबलाय. त्यांच्यावर शंका घेत बसलं तर सामना पुढेच सरकणार नाही. नियमांचा सगळा कडकपणा इथे आहे.

जुनी युक्ती अशी की एक खेळाडू बदली होऊन चालल्यासारखा रेषेकडे जातो, कडेला घोटाळतो आणि स्नॅप होताच मोकळा चेंडू झेलतो. म्हणून बदलीचा आव आणायला बंदी आहे. चेंडू खेळायला तयार झाल्यावर आक्रमणाच्या प्रत्येक खेळाडूने दोन्ही कडांपासून नऊ यार्ड आतल्या भागात क्षणभर तरी आलं पाहिजे, म्हणजे तो खेळात आहे हे सर्वांना कळतं. आकड्यांचंही तेच. २०१२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने राखीव क्वार्टरबॅकला मधल्या काळापुरता पंटरचा आकडा घालून उतरवलं. त्यावर त्यांच्या परिषदेने, म्हणजे ते ज्या विद्यापीठांच्या गटात खेळत त्या गटाच्या संस्थेने, त्यांची कानउघाडणी केली आणि आकडा बदलला तर तो पंचांना कळवायचा असा नियम पुढच्याच वर्षी आला.

गुडघा टेकल्याचं सोंगही नियमाने बाद केलं आहे. चेंडू असलेल्या खेळाडूने गुडघा टेकतोय असं दाखवलं की चेंडू मृत, कारण तिथेही समोरचा धडकायचं टाळत असतो. पिकेटच्या डावाला आठवडाही मिळाला नाही याचं कारण हेच आहे. बचावाच्या खेळाडूला वर्षानुवर्षं शिकवलं जातं की घसरणाऱ्याला मारू नकोस, नाहीतर तू बाहेर. असा डाव चालू दिला तर पुढच्या खेपेला तो थांबणार नाही. तो धडकेल, आणि समोरचा खरोखर घसरत असेल तर त्याची मान मोडेल. या एका बाबतीत मला जराही संदिग्धता दिसत नाही.

शाळकरी मुलांच्या सामन्यांतलं एक सोंग तर याहून वाईट आहे. प्रशिक्षक कडेवरून ओरडतो की चेंडू चुकीचा आहे किंवा दंडाचे पाच यार्ड अजून मिळालेले नाहीत. सेंटर चेंडू खांद्यावरून सहज क्वार्टरबॅकच्या हाती देतो. तो पावलं मोजत समोरच्यांच्या रांगेतून चालत जातो आणि मग एकदम पळत सुटतो. २०१० मध्ये टेक्सासमधल्या अशा एका सामन्याची चित्रफीत जगभर हसत हसत पाहिली गेली. मला ती पाहवत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक. शालेय फुटबॉलच्या नियमांचा अर्थ लावणाऱ्यांनी चमत्कारिक रचना आणि हुलकावण्या खेळाचा भाग मानल्या आहेत, पण काहीतरी बिघडलंय, स्नॅप इतक्यात होणार नाही, असं भासवणारं बोलणं बेकायदा ठरवलं आहे.

७. घड्याळ आणि दुखापत

अलीकडचे डाव चेंडूपेक्षा वेळेशी खेळतात. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ऑरेगॉन ओहायो स्टेटविरुद्ध ३२–३१ ने पुढे होतं आणि दहा सेकंद उरली होती. ऑरेगॉनने बचावाला अकराऐवजी बारा खेळाडू उतरवले. एकच खेळाडू जादा, पण झेलणाऱ्यांवर दुहेरी पहारा. चेंडू झेलला गेला नाही आणि चार सेकंद खर्ची पडली. दंड पाच यार्डांचा झाला, वेळ परत मिळाली नाही. उरलेल्या सहा सेकंदांत ओहायो स्टेटला काही जमलं नाही. ही चूक नव्हती, असं ऑरेगॉनच्या प्रशिक्षकांच्या नंतरच्या बोलण्यातून सूचित झालं. काही दिवसांतच एनसीएएने खुलासा काढला : शेवटच्या दोन मिनिटांत असा जादा खेळाडू खेळला, तर पाच यार्डांबरोबर गेलेली सेकंदंही समोरच्या संघाला परत मागता येतील. इथे कुणी खोटी खूण केली नव्हती, नियमाची किंमत मोजून नफा काढला होता. म्हणून उपायही किंमत वाढवण्याचा निघाला.

सगळ्यांत अवघड आहे ते दुखापतीचं सोंग. वेगाने खेळणाऱ्या संघाची लय तोडायला बचावाचा एखादा गडी पाय धरून आडवा होतो. वैद्यकीय पथक येतं, खेळ थांबतो, दमलेल्यांना श्वास मिळतो आणि एक प्रयत्न बाहेर बसून तो गडी ताजातवाना परततो. चेंडू कुठे आहे हे पंच पाहू शकतो, हात हलला की नाही हे पाहू शकतो. दुसऱ्याच्या पायातली कळ त्याला पाहता येत नाही, आणि पाहायचा प्रयत्न करून तो चुकला तर खरोखर जखमी मुलगा मैदानात राहील.

२०२५ च्या हंगामापासून एनसीएएने खरं-खोटं ठरवण्याचा नादच सोडला. पंचांनी पुढच्या प्रयत्नासाठी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर एखाद्याला तपासायला पथक आत आलं, तर त्या संघाचा एक टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून घ्यायची मोजकी मुभा, जातो. तो शिल्लक नसेल तर पाच यार्डांचा दंड. सोंग महाग झालं, हे चांगलं झालं. पण खऱ्या दुखापतीलाही हीच किंमत आहे. सामन्याच्या अखेरीस, संघाकडे एकच टाइमआउट उरलेला असताना, गुडघा पिरगळलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आता खाली बसण्याआधी कडेला उभ्या असलेल्या आपल्या प्रशिक्षकाकडे पाहील.